जीर्णोद्धाराचा जमाखर्च

हौशी : मेस्त्री, ती गाडी ठेवावी की टाकावी हा प्रश्न मी तुमच्यापुढे मांडलेलाच नाही, तो माझ्यापुरता निकालात निघाला आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी आपल्या कोल्हापुरात बावड्याच्या सखल भागात शिरले तेव्हा जी वाहने उभ्या जागी बुडाली, त्यांतलीच ही एक बजाज चेतक. पाणी ओसरल्यावर धन्याने तिला परड्यातल्या भिंतीला टेकवून ठेवले, २०२१ च्या जुलैत तिला दुसऱ्यांदा जलसमाधी मिळाली, आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. भंगारवाला तिला किलोच्या भावाने उचलायला आला असता तेवढ्याच मोबदल्यात मी ती घेतली. वजन शंभर किलोच्या आसपास, तेव्हा तीन हजारांच्या आत व्यवहार उरकला. यावर आणखी बारा हजार रुपये, आणि तेही एकरकमी नव्हे, तर निवृत्तिवेतनातून महिन्यामागे जसे उरतील तसे खर्चून तिला चालती करावी, एवढाच माझा मनसुबा आहे. ज्या यंत्राची रचना इतकी उघडी आणि निष्कपट आहे की पाच-सहा पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर हाताशी असला तर सामान्य बुद्धीच्या मनुष्याला ते सुटे करून पुन्हा जुळवता येते, ते केवळ दोनदा पुराचे पाणी प्याले म्हणून भट्टीत वितळावे, हे माझ्या मनाला पटत नाही. तुमच्याकडून मला हवा आहे तो कामाचा क्रम. पसंती-नापसंतीचा कौल मी मागितलेला नाही.

शंकाकार : क्रम सांगेन, परंतु त्यापूर्वी तुमच्या बारा हजारांची झडती घेणे मला प्राप्त आहे, मास्तर, कारण सगळी फसगत त्या आकड्यात आहे. पिस्टन आणि रिंगा, सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकची बेअरिंगे, दोन्ही बाजूंची ऑइल सील, मॅग्नेटोची कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर, क्लचच्या प्लेटा, गिअरच्या आणि ब्रेकच्या केबली, साडेतीन-दहाच्या मापाचे दोन टायर, शिवाय कार्बुरेटरचा किट, पेट्रोलची नळी, प्लग आणि मूठभर नट-वायसर, ही यादी चिवटपणे घासाघीस केल्यास तुमच्या आकड्यात कशीबशी बसेलही. तिच्यात जे बसत नाही ते निराळेच आहे. सिलिंडर घेऊन तुम्ही शिवाजी उद्यमनगरात जाल. तेथे माझ्याच वयाचा एखादा कारागीर तो यंत्रावर चढवील, डायल लावून मध्य साधील, मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब डोळ्यांत तेल घालून सांभाळील, आणि या सर्वांबद्दल तुमच्याकडून काही शे रुपये घेईल. हा दर त्याच्या कसबाचा नव्हे. ज्या काळी गावातल्या प्रत्येक आळीत दोन-तीन स्कूटरी होत्या आणि दुकानापुढे सिलिंडरांची रांग लागे, त्या काळचा तो दर थोडाफार वाढत येथवर आला आहे, आणि अधिक मागितले तर गिऱ्हाईक उठून जाईल या भयाने तो तेथेच अडकला आहे. थोडक्या पैशांत जुनी गाडी उभी केली असे कोणी अभिमानाने सांगू लागला, की उरलेले पैसे कोणी भरले याची मी चौकशी करतो; ते बहुधा अशा एखाद्या म्हाताऱ्याने न आकारलेल्या मजुरीच्या रूपाने भरलेले असतात, आणि त्याच्या चिरंजीवाने तो धंदा सोडून गोकुळ शिरगावच्या वसाहतीत संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढे नोकरी धरलेली असते. त्याने धरली त्यात त्याचे काय चुकले?

हौशी : तुमची ही कैफियत मला मान्य आहे, पण तिच्यातून निष्पन्न काय होते? मी सिलिंडर नेला नाही, तर त्या कारागिराचे कोणते कल्याण होणार? काम न देणे हा काही कमी मजुरीवरचा उपाय नव्हे. वाजवी दाम सांगा, मी देईन, आणि त्यापायी रंगकाम पुढच्या वर्षावर ढकलीन. राहिला माझ्या तासांचा प्रश्न. मेस्त्री, या गावात तासांचा हिशेब न ठेवता यंत्राशी झुंजणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वतःचा चलच्चित्राचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला तेव्हा त्यांच्यापाशी ना कारखाना होता, ना त्या शास्त्राचे शिक्षण. पडदे रंगवणारी ही माणसे, जे हाती लागेल त्यातून चक्रे आणि दाते जुळवीत बसली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी आणि त्यांच्या शिष्यवर्गातल्या दामल्यांनी नेट सोडला नाही आणि १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा चालता झाला. त्या वर्षांच्या मजुरीचा जमाखर्च कोणी मांडला असता, तर विलायती कॅमेरा विकत आणणे स्वस्त पडले असते असाच निकाल निघाला असता, आणि कोल्हापूर हे कोल्हापूर झाले नसते.

शंकाकार : दाखला भारदस्त काढलात, पण तो माझ्या बाजूने बोलतो. पेंटर बंधू कॅमेरा करीत होते तो चित्रपट काढण्यासाठी. यंत्र हाती आल्यावर दोन वर्षांत 'सैरंध्री' पडद्यावर आली. त्यांचे श्रम पुढे कोठे तरी जाणारे होते. तुमच्या चेतकमधून कोणती सैरंध्री निघणार आहे? शाहूपुरीपर्यंत जाऊन भाजी आणणार, आणि तेही पाऊस नसेल तर. शिवाय पेंटरांपाशी जे नव्हते ते त्यांनी निर्माण केले; तुम्ही जे लक्षावधी निघाले त्यातले एक पुन्हा चालवणार. आणि कारागिराला वाजवी दाम देईन म्हणता, तेही ऐका. तुम्ही वर्षातून एक सिलिंडर न्याल, तुमच्यासारखे आणखी पाच-दहा हौशी नेतील. हाताचे कसब अशा तुरळक कामावर जगत नाही. ते रोजच्या, कंटाळवाण्या, एकसारख्या कामावर जगते. दिवसाला चार सिलिंडर करणाऱ्याला पाचवा हाती घेताच त्यातला टेपर बोटाला कळतो. महिन्याला एक करणाऱ्याला मायक्रोमीटर लावूनही शंका राहते. तुम्ही त्याला जिवंत ठेवीत नाही, मास्तर. तुम्ही त्याला जत्रेत मांडता.

(येथे लेखकाला हौशी गृहस्थाची थोडी कीव आली हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल, पण पुढच्या उत्तरात त्याने ज्या रीतीने आपली बाजू बदलून घेतली, त्यावरून ती कीव अनाठायी होती असे दिसते.)

हौशी : मग भाजी हे कारण मी मागे घेतो. खरे कारण सांगतो. मी पस्तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. फळ्यावर दोन धावांच्या इंजिनाची आकृती शेकडो वेळा काढली आणि तिला बाण घातले. पण पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या पोकळीत पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते, खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर चढते आणि जळलेल्या धुराला ढकलून बाहेर काढते, म्हणजे ज्या खोलीत क्रँक फिरतो ती खोलीच पंपाचे काम करते, ही गोष्ट मला तोंडपाठ होती, कळलेली नव्हती. मागील आठवड्यात मी क्रँकच्या टोकाचे ऑइल सील उकरून काढले. त्याचे रबर कडक होऊन चिरले होते. तेव्हा लक्षात आले की त्या चिरेतून हवा आत जाणार, मिश्रण पातळ होणार, पिस्टन तापणार आणि शेवटी चिकटणार. म्हणजे मूठभर किमतीच्या त्या रबरी कड्यावर सगळे शास्त्र उभे आहे. चालत्या गाडीने मला हे कधीच सांगितले नसते. चालणारे यंत्र आपले अंतरंग झाकून ठेवते. बिघडलेले यंत्रच बोलते. ज्या देशात प्रत्येक वस्तू आता बंद पेटीत येते, आणि पेटी उघडली तर हमी रद्द होते, तेथे ज्याचे प्रत्येक इंद्रिय हाताने चाचपता येते असे एक यंत्र आळीत असणे, हे त्यातून निघणारे फळ नव्हे काय?

शंकाकार : हे उत्तर मला आवडले, म्हणून यावर अधिक कठोरपणे बोलतो. ज्ञानासाठी उघडले म्हणता, ठीक. तुम्ही तिला किक मारून पाहिली होतीत का, हे मी विचारणार होतो. पण तुमच्या चेहऱ्यावरूनच कळले. पुरात बुडालेल्या इंजिनाला किक मारू नये, हा पहिला नियम. पंचगंगेचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो पोकळीत बसलेला असतो, आणि क्रँक फिरवला की तोच गाळ सिलिंडरच्या भिंतीवर खरवडा काढतो. आधी प्लग काढून आत डिझेल सोडायचे, दोन-चार दिवस मुरू द्यायचे, मग खोलायचे आणि रॉकेल नाही तर डिझेलने धुऊन मगच काय ते फिरवायचे. आता झालेले खरवडे घालवायला बोअर मारावा लागेल, आणि येथे ती गोष्ट येते जी हौशी माणसाच्या ध्यानात राहत नाही : प्रत्येक दुरुस्ती थोडा धातू खाते. एकदा बोअर मारला की सिलिंडर पाव मिलिमीटरने मोठा होतो, त्याला तेवढा मोठा पिस्टन लागतो. पुढच्या खेपेस अर्धा, मग पाऊण, मग एक. त्यापुढे बाजारात पिस्टन मिळत नाही आणि सिलिंडरची भिंतही तितकी जाड उरत नाही. मग स्लीव्ह घाला, नाही तर दुसऱ्या मेलेल्या गाडीचा सिलिंडर शोधा. तुम्ही तिचे आयुष्य वाढवता असे तुम्हांस वाटते. वास्तविक तिच्यापाशी मोजून चार-पाच आयुष्ये होती, त्यांतली काही मागच्या मालकांनी खर्चली, एक तुम्ही आता आळीतल्या पोरांना दाखवण्यासाठी खर्चणार आहात. खर्चा, पण खर्च मांडा.

हौशी : हिशेब मांडतो, परंतु झीज हा दुरुस्तीचा दोष कसा, हे मला उमगत नाही. आपल्या राजाराम बंधाऱ्याकडे पाहा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून जी रचना राज्यभर गेली, तिचे मर्मच हे की पावसाळ्यापूर्वी पाणी अडवणारे बरगे काढायचे, पुराला वाट द्यायची, आणि पाऊस सरला की पुन्हा घालायचे. दरसाल त्यांतले काही बरगे निकामी होतात, काही बदलतात, तरी बंधारा तोच राहतो. चेतकही अशाच मनाने केलेली आहे. बजाजचा पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, पुढच्या वर्षी बजाजने राणा प्रतापाच्या अश्वाचे नाव देऊन हीच घडण बाजारात आणली, आणि २००९ पर्यंत स्कूटरी निघत राहिल्या. इतक्या दीर्घ काळात मूळ आराखडा फारसा न हलल्यामुळे आजही एका गाडीचा अवयव दुसरीला लागतो. बर्फाळ मुलुखातही हेच घडते, असे कॅनडात असलेला माझा पुतण्या सांगतो. तेथे बर्फावरून धावणारी स्नोमोबाईल नावाची गाडी असते. तिचे जुने इंजिनही चेतकसारखेच दोन धावांचे, तेल पेट्रोलात मिसळून जळणारे. १९५९ मध्ये क्वेबेकातल्या व्हालकूर गावी बोंबार्दिए यांनी स्की-डू काढली, पुढच्या दहा-बारा वर्षांत शंभराहून अधिक कारखाने त्या धंद्यात उतरले, आणि आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बुडालेल्या कारखान्यांच्या गाड्या तेथे गोठ्यांत, कोठारांत पडून असतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर लोक त्या मातीमोलाने घेऊन उभ्या करतात. मात्र ज्या गाड्या अमाप निघाल्या त्याच उभ्या राहतात. दुर्मिळ गाडी शोभेला चांगली, पण तिचा एक पट्टा तुटला की ती कायमची बसते. तेव्हा लक्षावधी निघालेल्यांतली एक, हा तुमचा आक्षेपच माझा आधार आहे.

शंकाकार : बंधाऱ्याचे उदाहरण फसवे आहे, कारण त्याच्यामागे खाते आहे, अंदाजपत्रक आहे, आणि दरसाल बरगे घालणे ही कोणाची तरी नोकरी आहे. तुमच्या गाडीमागे तुम्ही एकटे, तुमच्यानंतर कोण? सुटे भाग मिळतात म्हणता, पण पाकिटावर नाव एक आणि आत माल दुसराच, अशी स्थिती आहे. नकली पिस्टनाचा धातू मऊ, रिंगा ठिसूळ. तथापि तुमची खरी कोंडी इंजिनात नाही, कागदात आहे, आणि तिकडे तुम्ही पाहिलेलेच नाही. गाडी १९८६ च्या नोंदणीची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्या हिशेबाने शेवटची मुदत २०२१ मध्ये संपली. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क तीनशेचे हजार झाले, आणि वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी त्यानंतर आणखी वाढले. ते सोसेल. पण उशीर झाल्यास दरमहा तीनशे रुपये अधिक, असेही त्याच नियमांत आहे. वर्षाला छत्तीसशे, चार वर्षे धरली तरी चौदा हजार चारशे. म्हणजे तुमच्या सगळ्या जीर्णोद्धारापेक्षा तिच्या निद्रेचा दंड मोठा. शिवाय पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला. मूळ मालकाची सही नमुना २९ आणि ३० वर हवी. तो हयात आहे का, नसल्यास वारस कोण, त्यांचे ना-हरकत पत्र कोठे, याची तजवीज केलीत?

हौशी : मालक हयात आहेत आणि सही देण्यास तयार आहेत, दंडाची मात्र मला कल्पना नव्हती, आणि ती ऐकून मी क्षणभर खचलो हे कबूल करतो. पण मला त्या नियमाच्या पोटातली विचारसरणी तपासून पाहावीशी वाटते. शासन गाडीचे वय मोजते, प्रकृती मोजत नाही. पन्नास वर्षांपलीकडच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी निराळा मान दिला. तिची नवी नोंदणी वीस हजारांत, नूतनीकरण पाच हजारांत, आणि तिने प्रदर्शनास, मेळाव्यास किंवा पेट्रोल भरण्यास जावे, रोजच्या कामाला जाऊ नये. म्हणजे जी पन्नास वर्षांची झाली ती वारसा, आणि जी चाळीस वर्षांची ती अडगळ. मधल्या दहा वर्षांत तिने जगायचे कोणाच्या परड्यात? श्रीमंताची गाडी गॅरेजात झाकून ठेवता येते आणि ती वारशाच्या वयाला सुखरूप पोहोचते. गरिबाची रस्त्यावर झिजते, पुरात बुडते, आणि दंड साचत जाऊन भंगारात निघते. उद्या वारसा म्हणून जे शिल्लक राहील त्यात बावड्याची स्कूटर नसेल. एखाद्या संस्थानिकाची मोटर असेल. ज्या वाहनासाठी लोकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून ठेवले, ज्यावर नवरा, बायको, पुढे उभे एक मूल आणि मध्ये बसलेले दुसरे असे चौघांचे कुटुंब जोतिबाच्या डोंगरावर गेले, त्याचा इतिहास कोणाच्या कोठारात राहणार?

शंकाकार : हा मुद्दा मी नाकारीत नाही, नियम करणाऱ्याला आपली आळी दिसत नाही, हे खरे. परंतु त्याच आळीच्या नाकाशी तुमचा धूर जाणार आहे, हेही त्याच प्रामाणिकपणे बोला. दोन धावांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत येत असताना बाहेर जाण्याची वाट उघडीच असते. त्यामुळे पेट्रोलाचा बराच हिस्सा न जळताच निसटतो, आणि त्याबरोबर लिटरमागे वीस मिलिलिटर या प्रमाणात घातलेले तेलही निळ्या धुराच्या रूपाने निघते. आम्ही उमेदीच्या वयात तो वास छातीभर घेतला आणि त्याला गाडीचा वास म्हणालो. आणखी एक विपर्यास पाहा. आता पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे, म्हणून तुम्हांआम्हांस त्याचा अभिमान. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुने रबर फुगवते, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसून गंज धरतो. १९८६ च्या कार्बुरेटरला ही सवय नाही. म्हणजे तुम्हांला नळ्या नव्या जातीच्या घालाव्या लागतील, टाकी आतून खडे घालून हलवून, व्हिनेगरने गंज काढून स्वच्छ करावी लागेल, आणि गाडी उभी ठेवायची असली तर टाकी रिकामी करावी लागेल. ज्या शेतकऱ्याने चेतकवरून कारखान्याची ऊसबिले आणली, त्याचाच ऊस आता चेतकला खातो आहे. यात दोष कोणाचाच नाही. पण जुने यंत्र जुन्याच जगात चालत होते, आणि ते जग तुम्ही बारा हजारांत आणू शकत नाही.

हौशी : ते जग आणण्याचा मला सोसही नाही, त्या जगात गॅसचीही प्रतीक्षायादी होती. रविवारी एकदा, पाच-सात किलोमीटर, एवढाच धूर मी आळीच्या नावे टाकीन, आणि त्याबद्दल कोणी बोलले तर ऐकून घेईन. राहिले रूप. तुमचा समज असा की मी तिला चकचकीत रंग देऊन मिरवणार. माझा विचार उलट आहे. उजव्या पॅनेलवर पुराच्या पाण्याची एक मळकट रेघ आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेले की इशारा, ४३ फुटांना धोका. आपण ते आकडे वर्तमानपत्रात वाचतो आणि विसरतो. ही रेघ मला ठेवायची आहे. तळपाटीचा पत्रा जेथे पाय आरपार जातो तेथे नवा झाळून घेईन, ब्रेक आणि चाके बिनचूक करीन, बाकी अंगावर तेलाचा हात फिरवून थांबेन. पैसे वाचतील, आणि गाडी जशी होती तशी नव्हे, तर तिच्यावर जे गुदरले त्यासह उभी राहील.

शंकाकार : येथे तुमचे आणि माझे मूळ भांडण उघडे पडले, मास्तर, आणि ते पैशाचे नव्हते. मला ज्या धंद्याने वाढवले त्याचा धर्म हा की दुरुस्ती दिसता कामा नये. गिऱ्हाइकाने गाडी नेली आणि त्याला आपण काय केले ते कळले नाही, म्हणजे काम उत्तम. तुम्हांला मात्र जखम दाखवायची आहे. गंजलेला पत्रा तेल लावून थांबत नाही. आतल्या बाजूने तो कुजतच राहतो, आणि चेतकला वेगळी चौकट नाही, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. जी रेघ तुम्ही स्मृती म्हणून राखाल, तिच्याच खाली दोन पावसाळ्यांनी भोक पडेल. चालती गाडी आणि साक्षीची गाडी, या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकीला निर्दयपणे बदलत राहावे लागते, दुसरीला हात लावता येत नाही. थोडक्या खर्चात यांतली कोणतीही एक होईल. दोन्ही करू म्हणाल तर दोन्ही बिघडतील.

हौशी : आणि तरी तुम्ही स्वतःच्या घरी माळ्याखाली तो पट्ट्यावर चालणारा जुना लेथ ठेवलाच आहे, ज्यावर गेल्या कित्येक वर्षांत एक खिळाही कातलेला नाही. तो चालता आहे की साक्षीचा?

शंकाकार : त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. विषय बदलू नका.

हौशी : भंगारवाला तर रोज आळीतून ओरडत जातो.

शंकाकार : बरे, लेथचा निकाल मी माझ्या सवडीने लावीन. तुमचा क्रम ऐका. पिस्टन आज घेऊ नका, टायर घेऊ नका, टाकीलाही हात लावू नका. आधी तारेच्या ब्रशने चेसिस क्रमांकाची जागा साफ करा, अगदी हलक्या हाताने, आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. दोन पूर अंगावर घेतलेल्या पत्र्यावर तो क्रमांक वाचता आला आणि आरसी बुकाशी जुळला, तर मोटर वाहन कार्यालयात जाऊन दंडाची एकूण रक्कम लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. ती रक्कम हाती आल्यावर पुन्हा माझ्याकडे या; मग सिलिंडर मोजू, आणि पाव की अर्धा हे ठरवू.

हौशी : आणि क्रमांक वाचता आला नाही तर?

शंकाकार : तर तुमच्यापाशी इंजिन असेल, गाडी नसेल. सरकारी दप्तरात जे वाचता येत नाही ते रस्त्यावर येत नाही.

हौशी : इंजिनाला रस्ता लागतोच असे नाही. लाकडी चौकटीवर बसवून शाळेला देईन. कापून आत दाखवता येईल असे करीन.

शंकाकार : कापायचे असेल तर बोअरिंगचा खर्च कशाला?

हौशी : चालते कापायचे आहे, मेस्त्री, पिस्टन हलताना दिसला पाहिजे.

शंकाकार : कापल्यावर ते दाब धरणार नाही, आणि दाब नाही तर ते पेटणार नाही. हाताने फिरवाल तेवढेच फिरेल.

हौशी : तेवढ्यावरही मुलांचे भागेल.

शंकाकार : मुलांचे भागेल, तुमचे भागणार नाही, तुम्हांला आवाज हवा आहे. आधी ठसा घ्या.